जालन्याच्या वाटेवर दोघं होते

९ फेब्रु. १९६४, शेगाव
जोडीने दर्शन झालं. यमुनाला ताप, लॉजच्या खोलीत पडून आहे. शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याने डॉक्टर दाखवला, वर चहाही आणून दिला. सुलतानपूरचा म्हणाला. मूळ गाव विचारलं तर आमचंच देऊळगाव राजा. नाव किसन.

रामकाकाचा खून केला म्हणून ज्याचं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही, तो हाच. कोर्टातून पुराव्याअभावी सुटला, पण गावाने राहू दिलं नाही. मी तेव्हा पाळण्यात.

"तुमी कुठले?"

"चिखलीचा." असं का म्हणालो मी?

१० फेब्रु.
ताप उतरला. किसनने मुगाची खिचडी आणली. यमुनाबरोबर मीही खाल्ली.

मग राहवेना. गाव का सोडलं, विचारलं. सरळ सांगत गेला. "राम मेला त्या सांजेले मी वांग्याची गाडी घेऊन जालन्याच्या वाटेवर होतो. एकटा नाही. रामचा भाऊ गोविंदा होता संगं. तवा जालना निजामात. इकडचे पोलीस तिकडं पुसाले गेले नाहीत. गोविंदा एक शब्द बोलला असता त..."

गोविंदा म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील.

निघताना त्याने यमुनाच्या हातात नारळ दिला. ती पाया पडली. मी वळकटी बांधत बसलो.

१३ फेब्रु., घरी
अण्णांसमोर जेवण उतरत नाही. ते विचारतात, मळ्यात काही बिघडलं का? नाही म्हणतो. हेही खोटंच.

१६ फेब्रु.
विचारलं. अण्णा वांग्याला पाणी देत होते.

"किसन तुमच्या गाडीत होता?"

फावडं थांबलं.

"हाव."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"त्याच्यावरचा संशय गेला असता त घरच्यायले पुसलं असतं."

"घरी कोण होतं?"

वाफा फुटून पाणी बांधाबाहेर गेलं, तरी ते उभेच.

घरी आबा होते, अण्णांचे वडील. वाटणीवरून आबा नि रामकाका रोज भांडत, हे साऱ्यांना ठाऊक. आणि मला घेऊन आई होती. दोघंही आता नाहीत. अण्णांनी बापाला झाकलं, की बायकोला? की त्यांनाही नक्की माहीत नाही, नुसती भीती? आईबद्दल असं लिहितो आहे मी.

२२ फेब्रु.
यमुनाला सांगितलं. ती एकदम पेटली. "त्या माणसाच्या हातचं खाल्लं आपण, अन तुम्ही त्याले गाव खोटं सांगितलं?"

म्हटलं, आता बोललो तर आईचं नाव निघेल.

"अन त्याचं? ते त निघालेलंच हाय ना."

१ मार्च
सुलतानपूरला जाऊन आलो. किसन ओट्यावर शेंगा निवडत होता. मला पाहून आधी विचारलं, "घरवालीले ताप उलटला त नाही?"

म्हटलं, मी चिखलीचा नाही. गोविंदाचा मुलगा.

शेंगा हातातच राहिल्या. मग घोंगडी सरकवून मला बसवलं. मी अण्णांचं सारं सांगितलं. वाटलं होतं, रडेल, शिव्या देईल. काहीच नाही.

"मले काय सांगतं? मले त माहीतच हाय." आत त्याची लेक भाकरी थापत होती. नवऱ्याने टाकलेली, सासरी कोणीतरी खुन्याची पोर म्हणालं, तेव्हापासून इथेच. तो तिच्याकडे पाहून म्हणाला, "हिले सांगाले पाह्यजे." मी तिला सांगायला उठलो, तर हात धरला. "तू नको. गोविंदाले पाठव."

रामकाकाला कोणी मारलं असेल, हे मी विचारलं. "मी गाडीत होतो बाबू," एवढंच.

३ मार्च
निरोप दिला. अण्णा ऐकून घेऊन गुरांकडे गेले. म्हाताऱ्या माणसाला असं कोंडीत धरावं का? पण किसनच्या लेकीला तरी काय म्हणून ही शिक्षा...

८ मार्च
सकाळी अण्णांनी आपणहून धुतलेलं धोतर काढलं, टोपी घातली. स्टँडवर गेलो. वाटेत एवढंच म्हणाले, "पोरगी पुसंल, मंग मारलं कोनं. तिले काय सांगू?"

मी तिकिटाचे पैसे मोजत चाललो.

सुलतानपूरवरून जाणारी मेहकरची मोटर लागली. माणसं चढली. मी पिशवी घेऊन पायरीवर उभा. अण्णा बाकावरच, गुडघ्यांवर हात. कंडक्टरने दोनदा हाक मारली, मग घंटी दिली. मी उतरलो.

धूळ खाली बसेपर्यंत ते तिकडेच पाहत होते. मग म्हणाले, "दुसरी कवा हाय?"