अनुभवाच्या रकान्यात

तीर्थस्वरूप मामांना,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे तूर्त कागदावरच मान्य करून घ्यावा.) तुमचा खोकला कसा आहे? चहा खरंच सोडलात, की तसं फक्त कळवलंत?

तुम्ही आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलंत आणि सुट्टीत आम्हा भाचरांना. आपल्या दर्शनांचा सगळा वाद ज्ञान कशाने होतं यावर आहे, म्हणून ऐकीवावर विसंबू नये, स्वतः पाहावं, हे तुमचंच. त्यापायी माझं तपासणीचं टेबल जायची वेळ आली आहे. आमच्या तापमापकांच्या कारखान्यात नव्या साहेबांनी रोज सकाळी दहा मिनिटं ध्यान सुरू केलं. इथवर तक्रार नाही. पण घंटा झाली की प्रत्येकाने वहीतल्या 'अनुभव' या रकान्यात लिहायचं. पॅकिंगवालीला पहिल्याच दिवशी प्रकाश दिसला. स्टोअरकीपरला (तो घड्याळ बघत बसतो, हे मी पाहिलं, म्हणजे माझेही डोळे उघडे होते, हे कबूल) परमशांती लाभली. मी लिहिलं, 'गुडघा दुखला. गॅस बंद केला का, हा विचार नऊ वेळा आला.' साहेबांनी बोलावून घेतलं. "बाई, जरा वरच्या पातळीवरचं लिहा. मन असं भरकटत असेल तर तपासणीच्या टेबलावरून तुम्हाला हलवावं लागेल." मी म्हटलं, "साहेब, वीस वर्षं पाऱ्याचा जो आकडा दिसतो तोच लिहिते. बरा वाटेल तो लिहायला लागले, तर ताप आलेल्यांनी काय करायचं?" हलवलं तर हलवू देत; न दिसलेला प्रकाश मी लिहिणार नाही. (यात सत्यनिष्ठा किती आणि हट्ट किती, हे डायरीत तीन पानं तपासलं. निकाल लागला नाही.)

तुमची,
भाची

ता. क. आज दहा मिनिटं कुठे गेली कळलंच नाही. ना गुडघा, ना गॅस, ना मी. घंटाही ऐकू आली नाही. साहेब खूश. म्हणाले, "बाई, ही समाधी. लिहा." पॅकिंगवाली म्हणते, "कसली समाधी, चांगली घोरत होतीस." दोन्ही ऐकीवच, कारण मी स्वतः तिथे नव्हते. रकाना कोरा आहे. सोमवारपर्यंत मुदत मिळाली आहे.

ता. क. २. तुम्हीही ध्यानात घोरता, असं मामींकडून कळलं. त्यांनी ते स्वतः ऐकलं असल्याने त्यांचं मत आधीच मागवलं. त्या म्हणतात, झोप. तुमचा वेगळा दावा असेल तर उलट टपाली कळवा. नाहीतर सोमवारी मी 'झोप' लिहीन, आपल्या दोघांच्याही वतीने.