चिमटा डिसेंबरपर्यंत माझ्याकडेच

रविवार, १४ मे १९८९. रोसारियो.
आमचा रॅडिकल पक्ष निवडणूक हरला. साफ. पण राष्ट्राध्यक्ष डिसेंबरपर्यंत आमचाच. नियमच तसा आहे. मेहुणा बाउतिस्ता, पक्का पेरॉनवाला, म्हणजे जिंकलेल्या पक्षाचा, दारात ढोल बडवून गेला. वर म्हणतो, "दाजी, तुमचा माणूस हिवाळासुद्धा काढायचा नाही."
मी पैज लावली. त्यानं मुदतीआधी खुर्ची सोडली तर रविवारच्या शेगडीचा चिमटा तुझा. बायको, नेलिदा, म्हणाली, दुसरं काही नव्हतं का लावायला? तिचंही खरं. रेल्वेत जन्म घालवला, तिथं कुणी टाळी वाजवली नाही. पण दर रविवारी अंगणात मांस मी भाजतो आणि जेवणं झाली की भाजणाऱ्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात. तेवढ्याच माझ्या नावावर. असो. पैज जिंकल्यातच जमा.

रविवार, २१ मे
खाटकानं बरगड्यांचा एक भाव सांगितला. पाकीट आणायला घरी जाऊन आलो तोवर दुसरा. सॉसेज आणले. सॉसेजला निखारा जास्त जपावा लागतो, हे लोकांना कळत नाही. टाळ्या झाल्या. बाउतिस्ताच्या एका हातात काटा होता, म्हणून आवाज कमी.
संकल्प : जेवताना राजकारण बंद.
संध्याकाळी : बोललो.

मंगळवार, ३० मे
गावात भुकेले लोक दुकानं लुटताहेत. आणीबाणी. खाटीक आतून कडी लावून बसलाय. तात्पुरती अडचण आहे, सरकारला थोडा वेळ द्यायला हवा. नेलिदा म्हणाली, आधी पिठाचा डबा बघा, मग द्या वेळ.

रविवार, ४ जून
कोंबडीचे पंख, माणशी एक. बाउतिस्ता म्हणे, तुमचा खुर्चीतून उठू दे, आमचा चुटकीसरशी सावरेल. मी विचारलं, मग आत्ताच का हात देत नाही तो?
"तुमची खरकटी भांडी आम्ही का घासायची, दाजी?"
उत्तर तयार होतं, पण पंख थंड होत होता. टाळ्या विरळ. थंडीमुळे. जून म्हणजे ऐन हिवाळा.

सोमवार, १२ जून, रात्री
टीव्हीवर भाषण. राष्ट्राध्यक्ष मुदतीआधीच जाणार म्हणे. ही चाल असणार. उद्या खुलासा येईल.

मंगळवार, १३ जून
खुलासा नाही. टपाल बंद असेल.

रविवार, १८ जून
शब्द म्हणजे शब्द. चिमटा घासला, तेल लावलं, रुमालात गुंडाळला. छोटं भाषणही पाठ केलं. बाउतिस्ता आला, जाळीवर नजर टाकली. भोपळ्याच्या चार फोडी. हात पाठीमागे घेऊन म्हणाला, शपथविधी होईपर्यंत राज्य तुमचंच, दाजी. म्हणजे माणूस घाबरला. माझ्यासारखी शेगडी सांभाळणं येऱ्यागबाळ्याचं काम नाही.
भाषण जपून ठेवलंय.

रविवार, ९ जुलै
काल त्यांच्या माणसानं शपथ घेतली. आमचा माणूस आला की मी अख्ख्या बरगड्या आणतो, असं बाउतिस्ता महिनाभर ऐकवत होता. म्हणून सकाळीच विस्तव पेटवला, शेवटची लाकडं घालून. तो आला. मोकळ्या हातानं. त्याच्या कारखान्याला टाळं लागलंय, हे त्याच्या बायकोनं नेलिदाच्या कानात सांगितलं.
मी चिमटा पुढे केला. त्यानं माझ्याकडे सरकवला. मी परत केला.
"कालच तर बसलाय आमचा, दाजी. थोडा वेळ द्या की."
यावर हसायचं ठरवलं होतं. जमलं नाही.
जाळी रिकामीच. निखारे राखेत चालले. शेवटी नेलिदानं आमच्या मधून चिमटा उचलला, निखारे एकेक करून पत्र्याच्या बादलीत भरले आणि बादली घरात नेली. वर किटली ठेवली. येर्बा चहाची पत्ती कालचीच, उन्हात वाळवलेली. सगळे बादलीभोवती बसलो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात शेकत होते.
पाहुणे गेल्यावर मी चिमटा परत मागितला. नेलिदानं विचारलं, कशाला?