मागच्या खोलीतल्या हाडांची व्यवस्था

मी, यशोधरा केरबा ओव्हाळ, वय बहात्तर, निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, राहणार वराळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, माझ्या पश्चात काय कोणाचं ते स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. शंका असेल त्याने खाली डॉक्टरांची सही पाहावी. हे लिहिताना माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. एकदा आणून पाहिलं होतं, ते कलम दोनमध्ये आहे.

१. वराळ्याचं घर मी माझ्या पगारातून बांधलं. ते माझा भाचा विक्की याला द्यावं. मागची पत्र्याची खोली त्यात धरू नये. ती खोली, तिच्यातली तीन लोखंडी कपाटं आणि कपाटांतली सगळी हाडं विक्कीची बहीण प्रेरणा हिला द्यावीत. ती कामशेतला शाळेत विज्ञान शिकवते. पोस्टातली बचतही तिचीच. त्यातून कपाटांच्या मागच्या भिंतीची ओल आधी काढून घ्यावी.

२. हाडं कसली, हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून लिहिते. उत्खननात निघालेला तुकडा कोणत्या जनावराचा हे ठरवायला त्याच्या शेजारी ओळखीचं हाड ठेवून पाहावं लागतं. त्यावरून हजारो वर्षांपूर्वी लोकांनी काय पाळलं, काय कापलं, चुलीवर काय शिजवलं ते समजतं. मेलेल्या शेळ्या, म्हशी, बैल, कोंबड्या, पवना नदीतले मासे आणून, पुरून, उकळून, घासून मी हा संच पस्तीस वर्षांत उभा केला. प्रत्येक हाडावर नंबर आहे.

गेल्या वर्षी विक्कीला स्थळ आलं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "आत्या, ती खोली रिकामी कर. आजोबांनी जे सोडलं, तेच तू घरात भरून ठेवलंस. आपलं नाव परत हाडांशी कशाला जोडतेस?"

मी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. लग्न ठरलं. खोलीही राहिली.

विक्कीवर माझा राग नाही. त्याला अर्धीच गोष्ट माहीत आहे.

३. उरलेली अर्धी अशी. गावात जनावर मेलं की ते ओढून नेणं आमच्या घराण्यावर लादलेलं होतं. १९५६ साली धम्म स्वीकारल्यावर माझे वडील केरबा यांनी ते काम सोडलं. गावाने त्यांना मजुरीला बोलावणं बंद केलं, धान्य बंद केलं. पुढे १९७६ साली मी पुण्यात उत्खननातली हाडं धुण्याच्या कामाला लागले, तेव्हा आबा माझ्याशी दोन वर्षं बोलले नाहीत.

मग एका संध्याकाळी मी ओसरीवर एक पायाचं हाड घेऊन बसले होते, जनावर ओळखू येत नव्हतं. आबा मागून म्हणाले, "म्हशीचं हाय ते. गाईचं येवढं रुंद नसतं."

"कशावरून, आबा?"

ते खाली बसले. हाड हातात घ्यायला त्यांना वेळ लागला. म्हणाले, "त्यांनी निस्तं वडाया लावलं. कुनी इचारलं न्हाई. तू इचारतीस, तर सांगतो."

सहा वर्षं त्यांनी मला शिकवलं. म्हणून मधल्या कपाटावर 'केरबा ओव्हाळ हाड-संग्रह' अशी पाटी लावावी. पाटीवरून आडनाव गाळू नये. लाज असलीच तर ती लादणाऱ्यांची. ओळखण्याची नजर आमची होती.

४. माझ्या देहावर अंत्यसंस्कार करू नयेत. तो वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, कागदपत्रं प्रेरणाकडे आहेत. सोबत माझं टिपण द्यावं. माझ्या खालच्या उजव्या सुळ्यावर आडवी रेघ आहे. लहानपणी अन्न तुटलं की दाताची वाढ अडते आणि अशी रेघ उरते. मी चार वर्षांची होते. आमचं धान्य बंद झालं तेच ते वर्ष. विद्यार्थ्यांनी तिला 'कुपोषण' म्हणून मोकळं होऊ नये. बहिष्कार असं लिहावं.

५. ज्या साहेबांच्या हाताखाली मी होते, त्यांना माझ्याकडून काहीही देऊ नये. १९९४ साली इंद्रायणीकाठच्या एका टेकाडावर आम्ही खोदलं. घरांच्या जमिनीत गाईबैलांची हाडं निघाली, त्यांवर सुरीच्या खुणा होत्या. गावातली चार माणसं साहेबांना भेटली. आमचे पूर्वज असलं खात नव्हते, म्हणाली.

साहेब मला म्हणाले, "यशोधराबाई, तक्त्यातली एक ओळ नसली तर काय बिघडतं?"

मी म्हटलं, "ओळ माझी नाही, साहेब. जेवले त्यांची आहे."

अहवाल त्या ओळीविना छापला. माझं नाव मजुरांच्या यादीत आलं. माझी नोंदवही मात्र मी कोणाला दिली नाही. दोन वर्षांपूर्वी पायल नावाची संशोधक मुलगी ती मागत वराळ्याला आली. तिने गोदामातल्या त्याच हाडांचे कण तपासले. माझ्या दोनशे चौदा नोंदींपैकी दोनशे बारा बरोबर निघाल्या. दोन ठिकाणी मी मेंढी लिहिली होती, ती शेळी होती. चूक कबूल आहे. तिचा लेख छापला गेला. त्यात ती ओळ आहे आणि लेखकांत माझं नाव दुसरं आहे. नोंदवही पायलला द्यावी.

६. या मृत्युपत्राला कोर्टात आव्हान द्यायचं असेल त्याने खुशाल द्यावं. प्रेरणाने हटू नये.

वर लिहिलेलं मी साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: यशोधरा केरबा ओव्हाळ
ठिकाण: वराळे. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार १: डॉ. सृष्टी कुलथे, तळेगाव. यांनी मला आजच तपासलं.

साक्षीदार २: दत्तोबा हौशीराम शेलार, शेतकरी. टेकाड यांच्याच वावरात आहे. साहेबांना भेटलेल्या चौघांपैकी हे एक. कलम पाच वाचून झालं तेव्हा, तुमचं नाव घातलेलं नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "घाला की, बाई. मी व्हतो त्यात." मग त्यांनी सही केली.