पावाचं पीठ, भुतं आणि वाढवलेला भाचा

तीर्थरूप मावशी,

(मायना चुकलेला नाही. मावशीला 'तीर्थस्वरूप' लिहितात हे कोशात काम करणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. पण मला वाढवलंस तू, तेव्हा आईवडिलांचा मायनाही तुझाच.) नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? उगाच जिना चढू-उतरू नकोस असं सांगून उपयोग नाही, तरी सांगतो. इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे तुझी सून मजेत आहे. तिचे दिवस भरत आलेत आणि घाबरायचं काम तिने सगळं माझ्याकडे सोपवलंय. फोनच केला असता, पण फोनवर तू आधी 'जेवलास का?' विचारतेस आणि त्यापुढे मला मूळ मुद्दा आठवतच नाही.

तर झालं असं. आमच्या कचेरीत जुन्या इंग्रजी शब्दांचा मराठी कोश चालू आहे (तू शेजारणीला 'तो पुस्तकं तपासतो' म्हणून सांगतेस, तेही चालेल). या खेपेला माझ्या वाट्याला 'रेझ' (raise) हा शब्द आला. शब्द कसला, धर्मशाळा आहे! भिंत उभारायची तीही याच शब्दाने, सैन्य जमवायचं तेही याच, शत्रूचा वेढा उठवायचा झाला तरी हाच. मेलेल्याला उठवायचं, भूत बोलवायचं, पावाचं पीठ फुगवायचं, सगळीकडे हाच. गुरं आणि धान्यही याच शब्दाने वाढायची. मुलांना मात्र तो लावला की इंग्रजांतले जुने पंडित नाकं मुरडायचे. पुढे मुलंही त्यातच आली आणि त्या मुलांपाशी येऊन माझं घोडं अडलंय.

अडायचं कारण आमच्या मुख्य संपादकांचा नियम. (त्यांना आम्ही चिमटा म्हणतो; कुसळ उपटावं तशी ते चूक काढतात.) प्रत्येक अर्थाला एक उदाहरणाचं वाक्य लागतं आणि ते स्वतः पाहिलेल्या गोष्टीवरूनच लिहायचं. भिंतीचं जमलं, समोरच बांधकाम चालू आहे. भुताला त्यांनी नाइलाजाने सूट दिली. पिठासाठी मात्र मी घरी यीस्ट घालून पीठ मळलं आणि, ऊब लागते म्हणून, तुझ्या सुनेने बाळासाठी शिवलेल्या दुपट्यात गुंडाळून कचेरीत मांडीवर घेऊन बसलो. अधूनमधून दुपट्याचं टोक बोटभर उचलून आत बघत होतो. आता तूच सांग, बघणाऱ्याला काय वाटेल? टायपिस्ट बाई हळू आवाजात बोलायला लागल्या. कुणीतरी पंखा बंद केला. चिमटा स्वतः उठून आले, चष्मा काढला आणि जन्मात ऐकला नव्हता अशा मऊ आवाजात म्हणाले, "अहो, सांगायचं नाही का? आणा, द्या जरा माझ्याकडे." मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी उचललं आणि मानेखाली हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला.

सगळे पोट धरधरून हसले, मीही हसलो. पीठ तोवर साफ खाली बसलं होतं. पण खरं सांगतो मावशी, घरी येताना वाटभर मी एकच घोकत होतो. ज्याला पिठाचा गोळा धड वाढवता आला नाही, त्याच्या हाती जिवंत माणूस देणार आहेत, आणि आधी साधी तोंडी परीक्षासुद्धा घेणार नाहीत!

मुलांच्या अर्थासाठी मी लिहिलं, 'मला मावशीने वाढवलं.' चिमट्यांनी समासात शेरा मारला: कसं वाढवलं ते दिसत नाही. तेव्हापासून मी आठवतोय. तू माझी नखं कापायचीस. शाळेच्या फाटकापर्यंत यायचीस आणि माझे मित्र दिसले की ओळख नसल्यासारखी मागे राहायचीस. मला ताप आला की कपाळावर हात ठेवून स्वतःच डुलक्या घ्यायचीस. एकदा उलथनं फेकून मारलंस (नेम चुकला). यात पद्धत कुठली, ती काही सापडत नाही. तुला तरी ठाऊक होती का? आई गेली तेव्हा तू स्वतःच कॉलेजात होतीस. मला फार भीती वाटतेय गं.

तुझा,
भाचा

ता. क. पीठ का बसलं ते कळव. तुझी सून म्हणते, यीस्ट जास्त झालं.

पुन्हा ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. चांगली महिनाभर राहायच्या तयारीने ये. काम काही सांगणार नाही, नुसती खोलीत बसून राहा.

आणखी एक ता. क. हे सगळं मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहीत होतो. तुला काळजी नको म्हणून बोललो नाही. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. अक्षर असं आलंय कारण डाव्या हाताने लिहितोय. उजव्या हातात ती आहे आणि नर्सबाई कुठेतरी निघून गेल्यात. रडत नाहीये, नुसती माझ्याकडे बघतेय, मला सगळं येतं अशी तिची समजूत दिसते. पत्र मिळायची वाट बघू नकोस. लगेच निघ.