तणसाचे आठ पेशंट

९ फेब्रुवारी २०२१
मोठी जबाबदारी आली की माणसाने नोंद ठेवावी, म्हणून आजपासून रोजनिशी. कैलाशशेठने मिलमधल्या सगळ्यांना फर्स्ट एड शिकवायचं काम माझ्यावर सोपवलं. तुमसरात राईस मिली खूप, पण फर्स्ट एडचं सर्टिफिकेट असलेला सुपरवायझर मी एकटाच असावा. सर्टिफिकेट २००४ चं आहे. माणसाचं हृदय तेव्हाही डावीकडेच होतं.

शेठची अट एकच. कोरोना पुन्हा वाढतोय. ट्रेनिंगमुळे एकालाही झाला तर ऐन सीझनमध्ये मिल बंद पडेल, सगळ्यांची हजेरी बुडेल. नीट पार पडलं तर मी सेफ्टी इन्चार्ज. शेठ म्हणाले, ‘पुंडलिकराव, पाह्यजे तर मोबाईलवर व्हिडिओ दाखवून द्या ना.’ मी हसलो. छाती दाबणं काय मोबाईलवर येतं?

११ फेब्रुवारी
नियम पक्के. मास्क, सॅनिटायझर, सहा फुटांवर चुन्याचे गोल. वर्ग मोकळ्या हवेत, धान वाळवायच्या पटांगणात. तोंडाने श्वास देणं रद्द, फक्त छाती दाबायची, तीही पेशंटच्या तोंडावर कापड टाकून. ज्याला ताप-खोकला त्याने घरी बसायचं. या नियमात कोणालाही सूट नाही.

माझा घसा जरा खवखवतोय. मिलमधला कोंडा असणार.

१४ फेब्रुवारी
सगळ्यांनी एकाच डमीला हात लावणं धोक्याचं. तेव्हा आठ डमी. बारदान्याच्या पोत्यात धानाची वाळकी तणीस भरायची, डोकं वेगळं शिवायचं. असं डोकं नागपूरवाल्यांनाही सुचलं नसतं. शिवायला बायको मंदा बसली. (बसवली.) म्हणाली, ‘तुमी खोकलून राहिले, पहिले टेस्ट करा. बाहुल्या कायले शिवून राहिलो आपण?’ मी म्हणालो, ट्रेनरच टेस्टच्या रांगेत दिसला तर लोकांचा विश्वास उडतो.

१८ फेब्रुवारी
मंदाने झिंगे केले होते. वासच आला नाही. तलावातले झिंगे पहिल्यासारखे राहिले नाहीत. मंदाला सांगितलं, तर ती ताट घेऊन पडवीत जाऊन जेवली.

२० फेब्रुवारी, सकाळी
आठही पेशंट ओळीने झोपवले. शिकणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून डोकी उत्तरेला. तणीस सांडू नये म्हणून पाय सुतळीने बांधले. तोंडावर पांढरं कापड. शिस्त बघून मलाच भरून आलं.

गेटवर टेम्परेचर घेतलं. सगळे नॉर्मल. माझ्या कपाळावर मात्र गन शंभरच्या वर गेली. उन्हात ठेवल्यावर गन बिघडणारच.

झाडलोट करणारी रुखमा बघून जागीच थांबली. ‘साहेब, हे मुडदे कायले मांडले?’ मी समजावलं की ही तणीस आहे. तिने मान हलवली, चपला काढल्या आणि हात जोडले.

२० फेब्रुवारी, दुपारी
ट्रेनिंग यशस्वी. अंतर तर इतकं पाळलं की चुन्याचे गोल रिकामेच राहिले. सगळे गेटजवळच्या भिंतीला चिकटून. पुढे बोलावलं तर आणखी मागे सरकले. त्यात मिलची घरघर. शेवटी आठही पेशंट मीच केले. खांदे हलवून ओरडायचं, ‘दादा, ऐकू येते का? उठा!’ मग छाती दाबायची, मग पुढच्याकडे धाव. खोकल्याने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण थांबलो नाही. रस्त्यावर ऑटो थांबले होते. लोक बघत होते, एकाने तर टोपी काढली. तुमसरला कष्टाची कदर आहे.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी
गैरसमज झाला आहे.

हमाल निकेश बाजारातून बातमी घेऊन आला. मिलमध्ये कोरोनाने आठ जण गेले, शेठने दाबून ठेवलं, आणि सुपरवायझर डोकं फिरून एकेका प्रेताच्या छातीवर पडून रडत होता. आसगावहून रुखमाच्या बहिणीने फोन केला, तिच्या मातीला कधी यायचं विचारायला. फोन रुखमानेच उचलला. बहिणीने किंचाळून ठेवून दिला.

मग पोलीस आले, मागोमाग आरोग्यवाले. कापड उचललं, तणीस निघाली. कोणी हसलं नाही. आलोच आहोत तर म्हणून सगळ्यांची टेस्ट घेतली. माझी तिथल्या तिथे पॉझिटिव्ह. बाकीच्यांची लॅबला गेली. रिपोर्ट येईपर्यंत मिल बंद.

शेठने गेटला स्वतः कुलूप लावलं.

२१ फेब्रुवारी
मागच्या खोलीत एकटा. ताप आहे. कोंडा नव्हता.

मिलचा भोंगा वाजला नाही. रुखमाच्या घरी म्हातारी सासू आहे. निकेशची बायको बाळंत झालीय. मी या सगळ्यांसमोर तासभर खोकलो. फार भीती वाटतेय. इन्चार्जपदाचा विचार मनातही आला नाही. (आला, पण भीतीनंतर.)

मंदाने चहा दाराशी ठेवला आणि म्हणाली, ‘पहिलेच सांगत होती.’ मी चहा आत घेतला.

२४ फेब्रुवारी
सगळे निगेटिव्ह! मंदासुद्धा! मिल सुरू झाली. हात जोडले, रडलो. मग सावरलो आणि विचार केला. ट्रेनर स्वतः पॉझिटिव्ह, तरी एकालाही लागण नाही. यापेक्षा सुरक्षित ट्रेनिंग महाराष्ट्रात कुठे झालं असेल? शेठना तसा मेसेज टाकला. त्यांनी वाचला आहे.

दुपारी आरोग्य केंद्रातून तृप्ती सिस्टरचा फोन आला. माझ्या जवळ कोण कोण आलं होतं, ते विचारत होती. मी म्हणालो, मिलमधले सगळेच, ट्रेनिंगच होतं ते. ती म्हणाली, ‘सर, मी सगळ्याईले विचारलं. तुमच्या जवळ कोणीच आलं नव्हतं म्हणतेत. मुडद्याईले भेत होते. रुखमाबाई तर रस्त्यावरूनच पाहत होती.’ मंदाने सांगितलं म्हणे, ती दहा दिवसांपासून माझा खोकला ऐकून पडवीतच झोपते. मला वाटलं होतं, उकडतंय म्हणून.

सिस्टरने पुन्हा विचारलं, मग हात कोणाकोणाला लावला? म्हणालो, आठ जणांना. ती एकदम घाबरली. नावं मागितली. शेवटी सांगावं लागलं, तणीस होती ती.

मग हळूच म्हणाली, ‘मंग सर, शिकलं कोण?’

मी म्हणालो, हॅलो, आवाज येत नाही. हॅलो.

आवाज अगदी स्वच्छ येत होता.