तोंड बघून नाही

३ फेब्रुवारी
दवाखान्यात नाव घातलं. दुसरी खेप. सिस्टरनी रक्त घेतलं — एचआयव्ही, कावीळ, सिफिलिस. मी पटकन म्हटलं, "अहो, मी लग्न झालेली बाई आहे." त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "प्रत्येक गरोदर बाईची करतो. दर खेपेला. पंचविशीच्या आतली असली तर आणखी दोन गुप्तरोगांच्या तपासण्या. तोंड बघून कोणाची करत नाही."

७ फेब्रुवारी
बोलावून घेतलं. सिफिलिस आहे. पहिलं इंजेक्शन लगेच दिलं.

८ फेब्रुवारी
काल पुढे लिहवेना.
डॉक्टरीणबाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली होती. हा आजार वर्षानुवर्षं अंगात मुकाट बसतो म्हणाल्या. दुखत नाही, खुपत नाही. इंजेक्शनांनी जातो. "वेळेत सापडलं. बाळाला वाचवता येईल." मग विचारलं, पहिलं बाळ? आठव्या महिन्यात पोटातच गेलं, मी सांगितलं. तेव्हा तपासलं होतं? — नाही, त्या दवाखान्यात फक्त हिमोग्लोबिन बघितलं. "छातीठोक नाही सांगता येणार, पण याच्यामुळे असू शकतं. तुमचं काही चुकलं नव्हतं."
माझं चुकलं नव्हतं! सासूबाईंचं रोजचं पालुपद — जड इस्त्र्या उचलल्यास, वाफेत उभी राहिलीस. मलाही ते खरंच वाटत होतं. लाँड्रीत कामावर गेले आणि चादरीवर इस्त्री फिरवता फिरवता रडले. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "रड गं. ओल्या कापडावर इस्त्री बरी बसते." रडता रडता हसले.

९ फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं. लिफ्ट दुरुस्त करून नुकतेच आले होते, हात ग्रीसनं काळे. किती तरी वेळ नळाखाली धूतच राहिले. मग पाठमोरेच — "लग्नाआधीचं आहे. एक फोड आला होता, आपोआप गेला. मला वाटलं, सुटलो."
त्यांचं ताट वाढलं नाही.

१० फेब्रुवारी
उठले तर हे कपडे करून दारात. "चल. माझंही रक्त देतो." रस्ताभर मी चार पावलं पुढेच चालले. पण ते आले. न येणारेही असतात, सिस्टर म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी
त्यांनाही निघालं. दोघांना कमरेत इंजेक्शन. घरी येताना दोघंही लंगडत. माझं बघून त्यांना आधी हसू आलं, मग मला.

२१ फेब्रुवारी
माझं तिसरं, शेवटचं. सिस्टरच्या हाताचं देव भलं करो.

१८ जुलै
पुन्हा रक्त तपासलं. उतार चांगला आहे. आज ह्यांनी आपणहून आईला सगळं सांगितलं. "हिला बोल लावू नकोस. माझ्यामुळे झालं." सासूबाई भाजी निवडत होत्या. निवडतच राहिल्या.

३० ऑगस्ट
मुलगी. रडली — केवढ्यांदा! तिचंही रक्त घेतलं.

१ सप्टेंबर
बाळ ठणठणीत. लिहायला शब्द नाहीत. त्या चार थेंब रक्ताचे उपकार कसे फेडू?

४ सप्टेंबर
सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. खोलीत आम्हीच. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याआधी माझी दोन अशीच गेली. पोटातच. इतकी वर्षं मी स्वतःलाच दोष दिला." मग हळूच — "त्या दवाखान्यातल्या बाई या वयात माझं रक्त घेतील का गं?"