टाकीजवळचा वाफा

१ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी सात.
आजपासून बाग माझ्या ताब्यात. चाळीस वर्षं ती मर्नाने सांभाळली. ठीक होती. शिस्त नव्हती.
मर्ना जूनपासून नदीकाठच्या केअर होममध्ये आहे. पक्षाघात, उजवी बाजू. तात्पुरतं आहे. शो डेपर्यंत घरी येईल. ऑक्टोबरअखेरीस होबार्टची जत्रा भरते, त्याची सुट्टी. माझे अंदाज चुकत नाहीत. बत्तीस वर्षं टास्मानियातल्या या ह्यूऑन खोऱ्यात ड्रायव्हिंगच्या टेस्ट घेतल्या. माणूस सीटबेल्ट कसा लावतो त्यावरून सांगायचो, पास की नापास.
मर्नालाही तीनदा नापास केलं होतं. गाडी मागे घेताना मागे बघायची नाही. ती सगळ्यांना सांगते, चौथ्यांदा नापास व्हायला नको म्हणून लग्न केलं.
निश्चय: ती दारात आली की बाग बघून तिने तोंडात बोट घातलं पाहिजे. सरप्राइज. म्हणजे तिला काही विचारायचं नाही. कोणालाच विचारायचं नाही.

४ ऑगस्ट, रविवार.
मर्नाकडे. एकेक शब्द शोधून बोलते, पण बोलते. पहिला प्रश्न माझ्या तब्येतीचा नाही. टाकीजवळ काही आलं का? म्हटलं, बाई, अजून हिवाळा आहे, काय येणार? म्हणाली, येईल. तिसरं वर्ष आहे.
तिसरं वर्ष कशाचं? विचारणार होतो. नाही विचारलं. सरप्राइज म्हणजे सरप्राइज.

७ ऑगस्ट, बुधवार.
सफरचंदाची छाटणी. लायब्ररीतलं पुस्तक वाचून केली, म्हणजे शास्त्रशुद्ध. शेजारच्या मीना हूकस्ट्राबाई कुंपणावरून बघत होत्या. डच आहेत, बघणं हा त्यांचा धर्मच. म्हणाल्या, अहो मिस्टर डिरीन, फळाच्या फांद्या तेवढ्या कापताय आणि बिनकामाच्या ठेवताय. मी त्यांना आठवण करून दिली की त्यांच्या यजमानांना मी दोनदा नापास केलं होतं. म्हणाल्या, हो, आणि मग ते मरेपर्यंत एक ओरखडा न काढता गाडी चालवत होते.
शिडीवरून उतरलो. जरा जास्तच वेगाने. गुडघ्याला बर्फ लावून बसलोय.

१० ऑगस्ट, शनिवार.
मोठं काम झालं. पावसाच्या पाण्याच्या टाकीजवळचा वाफा, सगळ्यात जास्त उन्हाचा, आणि पूर्ण रिकामा! काडी नाही, पान नाही. मर्नाने एवढी जागा नुसती पडू दिली होती. सकाळपासून खणला. खाली कसल्यातरी मुळांचे गड्डे, जाड, पांढुरके, लांब बोटांसारखे पसरलेले. असलं चिवट तण जन्मात पाहिलं नव्हतं. पण मीही चिवट. एकूण एक उपटलं आणि ट्रेलरमधून थेट कचरा डेपोवर.
हूकस्ट्राबाई बहिणीकडे गेल्या आहेत. सल्ल्याविना काम किती भराभर होतं!
आता इथे पिंक आय जातीचे बटाटे. अंड्यांच्या ट्रेमध्ये खिडकीत ठेवलेत, कोंब फुटायला लागलेत. ख्रिसमसला मर्नाच्या ताटात स्वतःच्या घरचे नवे बटाटे. वर बटर.

११ ऑगस्ट, रविवार.
पुन्हा तेच. टाकीजवळ काही आलं का? मी डोळा मारला. म्हटलं, येणार, येणार! ती हसली. हसताना अजून चेहरा अर्धाच हसतो. मी त्याच अर्ध्याकडे बघतो.

१९ ऑगस्ट, सोमवार.
जोसलिनचा लॉन्सेस्टनहून फोन. मुलगी चांगली आहे पण काळजीखोर, आईवर गेली. म्हणाली, बाबा, तू आईशी बोललास का? कशाबद्दल? जूनमध्ये आपण ठरवलं त्याबद्दल. म्हटलं, जूनमध्ये बरंच काय काय ठरलं. मग तिला आमच्याकडचं हवामान सांगितलं. बटाटे लावल्याचंही सांगितलं. कुठे, म्हणाली. टाकीजवळ. बराच वेळ आवाजच नाही. लाइन खराब असावी.

१ सप्टेंबर, रविवार.
वसंत सुरू. कॅलेंडरप्रमाणे. बाहेर गारा.
आमच्याकडचा फादर्स डे. जोसलिन मोजे घेऊन आली. दोघं मर्नाकडे गेलो. बघतो तर खोलीत आमच्या बेडरूमचे पडदे, मर्नाची खुर्ची, भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो. सगळं जोसलिनने आदल्या दिवशी नेलं म्हणे. मी म्हटलं, तात्पुरत्या खोलीत एवढा पसारा कशाला? शो डेला सगळं परत न्यायला व्हॅन करावी लागेल. जोसलिन खिडकीबाहेर बघत राहिली. मर्ना म्हणाली, क्लाइव्ह, चहा घे.
घेतला. कोमट होता.
घरी बेडरूमच्या खिडकीला चादर लावली. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार.
कडक ऊन. टोमॅटो लावून टाकले. बारा रोपं, बाजारातून.
मर्नाचे दोन नियम. एक, शो डेच्या आधी टोमॅटो लावायचे नाहीत. हा सगळ्या टास्मानियाचाच नियम, लोक बायबलपेक्षा जास्त पाळतात. दोन, माणशी दोन रोपं. म्हणजे आमच्याकडे दरवर्षी चार. मी म्हणतो, नियम विचार करून पाळावेत. शो डेला लावले तर ती घरी येईल तेव्हा वीतभर रोपं बघणार. त्यात कसलं सरप्राइज? तिला निदान फुलं तरी दिसायला हवीत.
हूकस्ट्राबाई म्हणाल्या, अहो, हार्ट्झचा डोंगर अजून पांढरा आहे. बाग म्हणजे पी हळद अन् हो गोरी नव्हे. मी म्हटलं, डोंगराला लायसन्स मी दिलेलं नाही, त्याचं मला सांगू नका. त्या काहीतरी बोलणार होत्या. टाकीकडे बघितलं, ओठ मिटले आणि आत गेल्या. हे त्यांच्या स्वभावात बसत नाही. वय झालं.

१० सप्टेंबर, मंगळवार.
पहाटे पांढरं दंव. बाराच्या बारा रोपं काळी पडून लोळली. शिजवलेल्या पालकासारखी.
दोष रोपांचा. काचेखाली लाडात वाढलेली. शिवाय वॉलबीने, म्हणजे छोट्या कांगारूने, शेंगांचा वेल जमिनीसकट साफ केला, आणि छाटलेल्या सफरचंदाला नुसती पानं येतायत, कळी एकही नाही. हूकस्ट्राबाईंच्या झाडाला कळ्यांचा पूर. त्यांचं झाड उथळ आहे.
बटाटे मात्र टाकीच्या उबेत वर आलेत. गडद हिरवी, गुबगुबीत पानं. मी काही अगदीच नापास नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार.
नर्सरीत गेलो होतो, वॉलबीसाठी जाळी आणायला. दाराशी एका टोपलीत हिवाळ्यातला उरलेला माल. पारदर्शक पिशव्या. आत पांढुरके गड्डे, लांब बोटांसारखे.
ओळखले मी. लगेच ओळखले.
वर लिहिलं होतं, अस्पॅरॅगस. पहिली दोन वर्षं एकही कोंब तोडू नका. तिसऱ्या वसंतापासून खा, पुढे वीस वर्षं पीक.
तिथेच खताच्या पोत्यावर बसलो. नर्सरीतल्या बाईंनी पाणी आणून दिलं. त्या मर्नाला ओळखतात. म्हणाल्या, मर्ना कशी आहे? तिचा अस्पॅरॅगस यंदा खायला आला असेल ना? तीन वर्षं चालू होतं तिचं, आला की पहिला तोडा नुसत्या मिठाबरोबर खाणार.
म्हटलं, हो. छान आलाय.
पिशवी उचलली. तिसरं वर्ष कधी येईल त्याचा हिशोब केला. खाली ठेवली.
डेपोवर जाऊन आलो. तिथला माणूस म्हणाला, काका, ऑगस्टचं? त्याचं कधीच खत झालं. लोकांनी आपापल्या बागेत नेलं असेल.
मर्ना, काय करून बसलो मी.

१७ सप्टेंबर, मंगळवार.
काल जरा भावनेच्या भरात लिहिलं. आज डोकं थंड आहे. कोणालाही माहीत नाही, हे मुख्य. उपाय सुचला आहे.

२२ सप्टेंबर, रविवार.
उपाय केला. रस्त्याकडेच्या स्टॉलवरून अस्पॅरॅगसची जुडी. रबर काढलं. बुडख्यांना आपल्या बागेतली माती चोळली, मग धुतली, म्हणजे नखभरच राहिली. परीक्षक असल्याचा फायदा, समोरचा काय काय तपासेल ते ठाऊक असतं. उकडून डब्यात नेला. मीठ वेगळ्या पुडीत.
म्हटलं, घे. टाकीजवळचा. पहिला तोडा.
तिने डाव्या हाताने एक कोंब उचलला. बराच वेळ बघितला. मग मिठात बुडवून खाल्ला. सगळे खाल्ले. मला म्हणाली, तू पण घे. मला गिळवेना.
म्हणाली, पहिल्याच वर्षी इतके एकसारखे? म्हटलं, खताची कमाल. म्हणाली, असेल.
पास. शंभरपैकी शंभर.
परत येताना पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घ्यावी लागली. डोळ्यांतून सारखं पाणी. वॅटलची झाडं फुललीत ना सगळीकडे, पिवळी. त्याचा त्रास होतो मला. यापूर्वी कधी झाला नव्हता.

६ ऑक्टोबर, रविवार.
आणखी एक जुडी नेली. तिने अर्धी हूकस्ट्राबाईंना पाठवली, म्हणाली, मीनालाही चव बघू दे आपल्या बागेची. बाईंनी डबा घेतला, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, फार चांगले आलेत हो. त्यांचा आवाज एकदम मऊ. मला आवडला नाही.
मागच्या दाराच्या पायऱ्यांवर लाकडी रॅम्प बसवला. चाकाच्या खुर्चीसाठी. पहिल्या चाचणीत ऑफिसची खुर्ची थेट लिंबाच्या झाडात. उतार कमी करतोय. शो डेपर्यंत होईल.

१३ ऑक्टोबर, रविवार.
लिहायचं नव्हतं. लिहितो.
मर्नाला सांगितलं, शो डेला सकाळी व्हॅन ठरवली आहे. पडदे, खुर्ची, फोटो आणि तू. तिने माझा हात धरला. डाव्या हातात अजून जोर आहे.
म्हणाली, क्लाइव्ह, मी घरी येणार नाहीये. तुला माहीत आहे. जूनमध्ये तू, मी आणि जोसलिन, तिघं इथेच डॉक्टरांसमोर बसलो होतो. तुला मला उचलता येत नाही. तू दोनदा पाडलंस मला. तेव्हा तूच मान हलवलीस.
हलवली असेन. डॉक्टरांसमोर माणूस मान हलवतोच.
मग म्हणाली, आणि वाफ्याचं मला ऑगस्टपासून माहीत आहे. मीना बहिणीकडून आली, बघितलं आणि रडत फोन केला, आता काय करू, त्यांच्या अंगावर ओरडू का? मी म्हटलं, एक शब्द बोलू नकोस. खणतोय ना, खणू दे. नाहीतर दिवसभर फोनजवळ बसून राहील.
मी विचारलं, मग दर रविवारी कशाला विचारत होतीस, टाकीजवळ काही आलं का म्हणून?
म्हणाली, वाटायचं, आज सांगशील.
मग विचारलं, अस्पॅरॅगस? म्हणाली, रबराचा वळ होता देठांवर. वेड्या, दोन दिवसांचा शिळा होता. पण तू मीठ वेगळ्या पुडीत आणलंस.
मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. नर्स आली आणि दार ओढून गेली. मर्ना केसांतून हात फिरवत म्हणाली, बटाटे कसे आहेत ते तरी खरं सांग. खरं सांगितलं. चांगले आहेत.

१४ ऑक्टोबर, सोमवार.
व्हॅन रद्द केली. बेडरूमसाठी पडद्याचं कापड आणलं. जोसलिनला फोन केला. म्हटलं, आईशी बोललो. ती काही बोलली नाही. लाइन चांगली होती.

२४ ऑक्टोबर, गुरुवार. शो डे.
हवा स्वच्छ. हार्ट्झवर बर्फ नाही. रॅम्पवरून खताची ढकलगाडी उतरवली. व्यवस्थित उतरते.
नर्सरीत टोमॅटोसाठी ही रांग. माझा नंबर आल्यावर बाईंनी न विचारताच चार रोपं पुढ्यात ठेवली. मी दोन उचलली. त्या म्हणाल्या, अहो, तुमच्याकडे चार लागतात ना दरवर्षी?
म्हटलं, हो. माणशी दोन.